काचेपलीकडचा हात

अण्णा,

यंदा पाळी माझी होती, आणि ती तुमच्यामुळे गेली. हे एक वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आता तसंच राहू देते.

तुमच्या काळात हा प्रकार नव्हता, म्हणून आधी तो सांगते. तुमच्या वेळी मालक दसऱ्याला मशिनींना हार घालायचे, कामगारांना पेढ्यांचा पुडा द्यायचे, आणि दानधर्म करायचा झाला तर देवळाला पंखा द्यायचे, पात्यावर नाव रंगवून. आता आम्ही मेळा भरवतो. ताथवड्यातल्या एका कॉलेजचं सभागृह एका रविवारी घेतो. मुंबई-पुण्याहून मोठमोठे पैसे सांभाळणारी माणसं येतात. एकेक जण व्यासपीठावर उभा राहतो आणि स्वतःचा पैसा तो सध्या कुठे लावेल, का लावेल, हे सांगतो. बोलणारे मानधन घेत नाहीत. ऐकायला येणाऱ्यांनी मात्र देणगी देऊनच आत यायचं. जमलेलं सगळं एका कामाला जातं. ते काम कोणतं, हे आम्हा तिघांपैकी एकाने ठरवायचं, आणि ते आपल्या घरातून गेलेल्या माणसासाठी असायचं. दरवर्षी एकाची पाळी.

सुरुवात चाकणला मिसळीच्या टेबलावर झाली. उद्योजकांच्या संघटनेची बैठक संपवून आम्ही तिघं बसलो होतो. एक गिअर बनवणारे भाऊ, साठीच्या पुढचे. त्यांची मुलगी रक्ताच्या आजाराने गेली, आणि त्यानंतर वर्षभर ते धंद्याशिवाय कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. दुसरे तुमच्या मालकांचे चिरंजीव, ज्यांना तुम्ही हाफ पँटमध्ये कारखान्याच्या शॉपमध्ये पळताना पाहिलंय. तापलेलं लोखंड हॅमरखाली ठोकायचं ते फोर्जिंग आता तेच चालवतात. पिंपरीची जागा विकून चाकणला मोठी शेड टाकलीय. मी त्यांना शेठ म्हणते, अर्धं चेष्टेने. तिसरी मी. मी लाकडी पॅलेट बनवते, म्हणजे ज्यांच्यावर माल रचून ट्रकमध्ये चढवतात त्या फळ्यांच्या चौकटी. माझं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक शेठच आहेत. पहिली ऑर्डर त्यांच्या वडिलांनी दिली होती, तुमच्याकडे बघून.

भाऊंनी कुठेतरी वाचलं होतं की परदेशात असे मेळे होतात. ते म्हणाले, "नुसती देणगी मागितली तर लोक चहा पाजून वाटेला लावतात. पैसा कुठे लावायचा ते सांगतो म्हटलं, की रविवारी सकाळी आंघोळ करून येतील."

शेठ म्हणाले, "म्हणजे लोभाच्या तिकिटावर पुण्य."

"तिकीट कुठलंही असू दे राव. गाडी पोचली पाहिजे."

गाडी पोचली, हे मान्य करायला हवं. पहिल्या वर्षी भाऊंच्या मुलीसाठी. गावाकडून आजारी मुलांना घेऊन येणाऱ्या आईबापांना राहायला हॉस्पिटलजवळ खोल्या झाल्या. भाऊ अजून स्वतः जाऊन तिथल्या चादरी बघतात. दुसऱ्या वर्षी शेठच्या आईसाठी डायलिसिसची मशिनं आली. उद्घाटनाला शेठ रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मी हे सगळं यासाठी सांगतेय की तुम्हाला वाटू नये मी नालायक माणसांत जाऊन बसले. माणसं चांगली आहेत. त्रास त्याचाच आहे. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते.

तिसऱ्या वर्षी त्याच टेबलावर भाऊ मला म्हणाले, "आता तू. तुझं कोण?"

"माझे वडील. हॅमरवर होते. कान गेले."

"आणि काम काय करायचं?"

मी म्हणाले, "आत्ता जे हॅमरवर आहेत त्यांचे कान तपासायचे. गेलेत त्यांना यंत्र द्यायचं, राहिलेत त्यांचे राखायचे. चाकणच्या पट्ट्यातल्या सगळ्या फोर्जिंगमध्ये."

शेठ पाव तोडत होते. ते तोडतच राहिले.

अण्णा, मला तुमचं शॉप चालू असताना एकदाच बघायला मिळालं. आई तापाने पडली होती आणि डबा मी घेऊन आले होते. गेटवरच्या वॉचमनने मला शटरपर्यंत येऊ दिलं. आत अंधार होता आणि मधोमध एक लाल तुकडा. एक माणूस तो सांडशीत धरून उभा होता. तुम्ही बाजूला, हात लिव्हरवर, आणि तुमची नजर त्या माणसाच्या अंगठ्यावर. तुकड्यावर नाही, हॅमरवर नाही. अंगठा हलला की तुम्ही लिव्हर ओढायचात आणि हॅमर पडायचा. जमीन माझ्या चपलांतून वर यायची. आवाज आला असं मला आठवतच नाही, छातीत काहीतरी बसलं एवढंच आठवतं. मग कुणीतरी मिशीवरून बोट फिरवलं, आणि सगळ्यांनी एकदम कामाकडे माना वळवल्या. सुपरवायझर आला होता. त्याला मिशी होती. तो गेल्यावर कुणीतरी दोन बोटं आडवी ओठांशी नेली. चहा. तुम्ही तळवा पालथा करून हळूच खाली दाबलात. थांब. एक शब्द न बोलता तिथे सगळं बोलणं चाललं होतं.

ती भाषा तुम्ही घरी आणली. संत तुकाराम नगरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत आई ओट्यापाशी उभी राहून दोन बोटं आडवी करायची आणि तुम्ही मान डोलवायचात. शाळेत पालकसभेला मुख्याध्यापिका वर्गात आल्या तेव्हा तुम्ही मागच्या बाकावरून माझ्याकडे बघून मिशीवरून बोट फिरवलं होतं. मी हसले आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. रविवारी विहारात वंदनेला तुम्ही पुढच्या माणसाच्या जबड्याकडे बघत म्हणायचात, सगळ्यांच्या अर्धा शब्द मागून आणि सगळ्यांहून मोठ्याने. पोरं वळून बघायची. तुम्हाला ते कळायचं नाही, किंवा कळून तुम्ही सोडून द्यायचात. रिटायर झालात त्या दिवशी मालकांनी तुम्हाला शाल घातली आणि गजराचं घड्याळ दिलं. हॅमरवरच्या माणसाला गजराचं घड्याळ. आई घरी येईपर्यंत बोलली नाही. तुम्ही मात्र ते उशीखाली ठेवून झोपायला लागलात. हादऱ्याने जाग येते म्हणायचात. तुमच्या आधी आम्ही सगळे उठायचो, शेजारचेही.

आणि तुम्ही मला रागावलात ते एकदाच. मी भाकरी थापणाऱ्या आईकडे तोंड करून तुमच्याशी काहीतरी बोलत होते. तुम्ही येऊन माझा खांदा धरून मला फिरवलं. "माझ्यासंगं बोलायचं तर तोंड दाखवून बोल. पाठीमागचं मला न्हाई कळत." तेव्हापासून मी कुणाशीही बोलताना समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलते. धंद्यात लोकांना वाटतं बाई फार धीट आहे. धीट काही नाही. सवय आहे.

तर मेळ्याची तयारी सुरू झाली. दरवर्षी कार्यक्रमाच्या आधी एक छोटी फिल्म दाखवतात, ज्याच्यासाठी पैसे जमतायत त्या कामाची. फिल्म करणाऱ्या बाई माझ्या ऑफिसात आल्या. कॉफी घेतली. मी बोलत गेले आणि त्या लिहीत गेल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, अडचण एकच आहे. बहिरेपण दिसत नाही."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी डायलिसिसचं मशीन होतं, नळ्या होत्या. त्याआधी केस गेलेली लहान मुलगी. तुमच्याकडे काय दाखवू? पन्नाशीचा माणूस, धडधाकट, मशीनपाशी उभा. बघणाऱ्याला वाटणार, याला काय झालंय?"

मी म्हणाले, "तेच तर सांगायचंय."

"ते खरंय," त्या म्हणाल्या. "पण दोन मिनिटांत नाही सांगता येणार." मग म्हणाल्या, "जन्मतः ऐकू न येणारी मुलं घेतली तर? कानामागे यंत्र बसवतात, आणि ते पहिल्यांदा चालू केलं की मूल दचकतं. तो क्षण मिळतो. कामही कानाचंच झालं."

तो पर्याय भाऊंना आणि शेठना त्यांनी माझ्या आधीच सांगितला होता, हे मला नंतर कळलं. भाऊंनी फोन केला. "बघ, मी जबरदस्ती करत नाही. पाळी तुझी आहे. पण लहान मुलांना कोण नाही म्हणेल?"

कोण नाही म्हणेल, हेच मला छळत होतं. मी नाही म्हटलं तर मी लहान मुलांच्या विरुद्ध. मी म्हणाले, "मुलांचं काम चांगलं आहे. ते माझ्या वडिलांचं नाही." भाऊंना हे वाक्य कळलं असणार, कारण पहिल्या वर्षी कुणी त्यांना म्हणालं असतं की मुलीच्या आजाराऐवजी दुसरं काही घ्या, तर त्यांनी टेबल उलटलं असतं. ते म्हणाले, "मग शेठशी बोल. त्याच्या शॉपचा प्रश्न आहे."

शेठशी बोलले. ते नीट बोलतात, आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांना कुठं कमी ऐकू यायचं? मी लहान असताना गेटपासून हाक मारायचो, काका यायचे."

"तुम्ही हात हलवत हाक मारायचात."

"असेल. पण दरवर्षी आपल्याकडे मेडिकल व्हायचं. काका कधी नापास झाले नाहीत. वडिलांनी सगळं जपून ठेवलंय, काढून दाखवतो पाहिजे तर. कान नॉर्मल."

अण्णा, कान नॉर्मल. ज्या माणसाला फटाका फुटलेला धूर बघून कळायचा, त्याचे कान नॉर्मल. मला वाटलं डॉक्टरने न तपासताच लिहिलं असेल. तुमची बाजू घ्यायची म्हणून मी डॉक्टरला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

शेवटी शेठ म्हणाले, "हे बघा, मी पळत नाही. माझ्याच शॉपमध्ये कॅम्प लावू. नवं मशीन, बाहेरची माणसं, माझा कुणी मध्ये नाही. निघाले लोक बहिरे तर यंदा तुमचंच काम घेऊ, मी स्वतः स्टेजवर सांगेन. नाही निघाले तर मुलांचं. कबूल?" मी कबूल म्हणाले. मला खात्री होती. अशी खात्री मला आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे.

कॅम्पच्या दिवशी व्हॅन शेडसमोरच्या अंगणात उभी होती. आत एक लहानशी बंद खोली, एक खुर्ची, समोर काच, काचेपलीकडे तपासणारी मुलगी. दुसऱ्या शिफ्टची माणसं लवकर बोलावली होती. कानावर हेडफोन घालायचा, हातात बटण घ्यायचं, आवाज ऐकू आला की दाबायचं. मी दाराशी उभी राहून बघत होते. पहिला पास झाला. दुसरा पास. पुढचा पास. भट्टीवरचे, हॅमरवरचे, सगळे. संपूर्ण शिफ्टमध्ये दोघं नापास निघाले. एक गेटवरचा वॉचमन, दुसरा ऑफिसातला म्हातारा अकाउंटंट. शॉपमध्ये कधी पाय न टाकणारे.

मी गोंधळले. आणि मग एक माणूस खुर्चीत बसला, पन्नाशीचा, हॅमर चालवणारा. माझा माल उतरवताना तो मला बऱ्याचदा दिसलाय. त्याने हेडफोन घातला, बटण मुठीत धरलं आणि मान किंचित तिरकी केली. त्याची नजर काचेपलीकडे गेली. तपासणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर नाही. तिच्या हातावर. तिचं बोट हललं, त्याचा अंगठा दबला. बोट हललं, अंगठा दबला.

मी त्याला ओळखलं. म्हणजे तुम्हाला ओळखलं.

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही मेडिकल करून आला होतात आणि खुशीत होतात. आईला पाटावर बसवलंत, तिच्या हातात उलथणं दिलंत. "तू डॉक्टरीणबाई. मी पेशंट." स्वतःच्या कानांवर दोन वाट्या उपड्या धरल्यात, मग हात मोकळा हवा म्हणून त्या मला धरायला लावल्यात. आई उलथणं हलवायची आणि तुम्ही लाटण्याचं टोक दाबायचात. आई चुकवायला बघायची, उलथणं अर्धं उचलून थांबायची. तुम्ही फसला नाहीत. "बाईच्या बोटाकडं बघायचं," तुम्ही म्हणालात. "कानानं काम करणारा माणूस हॅमरवर टिकत न्हाई." आम्ही पोट धरून हसलो. मी वाट्या धरून उभी होते आणि मला तो खेळ वाटला. इतकी वर्षं तो मला खेळ म्हणूनच आठवत होता.

मी पुढे होऊन काचेवर टकटक केली. तपासणाऱ्या मुलीला म्हणाले, "खुर्ची फिरवता येईल? नाहीतर यांना डोळे मिटायला सांगा."

ती म्हणाली, "का मॅडम?"

तेवढ्यात खुर्चीतल्या त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. त्याला माझं बोलणं ऐकू आलं नसणार, पण त्याने ते बघितलं होतं. बटणाचा हात मांडीवर ठेवून त्याने दुसरा तळवा पालथा केला आणि हळूच खाली दाबला.

तुम्ही गेल्यापासून ती खूण मला कुणी केली नव्हती. मी थांबले. विचार करून नाही, सवयीने. मुलीला म्हणाले, "काही नाही, चालू दे."

नंतर तो चहा घेत भिंतीशी बसला होता. मी समोर जाऊन उकिडवी बसले, तोंड दिसेल अशी.

"तुम्ही तिच्या हाताकडे बघत होता."

"कोन, मी?" तो हसला.

"माझे वडील हॅमरवर होते. ह्याच कंपनीत, पिंपरीला."

"मंग ताई, तुमाला काय सांगायचं आमी."

"खरं निघालं असतं तर कानाला यंत्र मिळालं असतं. चांगलं. फुकट."

"यंत्र मिळंल," तो म्हणाला. "हॅमर जाईल. बाजूला फिनिशिंगला बसवत्याल. तितं निस्ता पगार. हॅमरवरचा जास्तीचा भत्ता न्हाई, ओव्हरटाइम न्हाई. पोरगं हितं ताथवड्याला इंजिनेरिंगला हाय. दोन वर्सं ऱ्हायली त्याची." त्याने चहा संपवला. "दोन वर्सांनी या तपासायला. डोळे मिटून बसतो तुमच्यापुढं. गाणं बी म्हणतो."

बाजूचे दोघं हसले. त्यांनी आमचं सगळं बोलणं ओठांवरून वाचलं होतं.

मी तशीच शेठच्या केबिनमध्ये गेले. माणसं हाताकडे बघून पास झाली हे सांगितलं नाही. म्हणाले, "पुन्हा तपासू, पण आधी एक लिहून द्या. नापास झालेल्याला हॅमरवरून काढणार नाही."

शेठनी चष्मा काढला. "ताई, नीट ऐका. म्हणजे मी असं लिहून देऊ, की अमुक माणसाला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, आणि माहीत असून मी त्याला हॅमरवर ठेवलाय? उद्या तिथे अपघात झाला तर? पोलीस मला विचारतील, तुम्हाला नाही."

"मग काढा, पण पगार तोच ठेवा."

"एकाला ठेवला की सगळे बहिरे होतील. तुम्ही धंदा करता. तुम्ही ठेवाल?"

यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी कितीदा तरी ते उलटंपालटं करून पाहिलं. मी खरं सांगितलं तर त्या माणसाचा हॅमर जातो. नाही सांगितलं तर हॅमरने कान जातात हेच कुठे उरत नाही. आणि खरं लपवायची युक्ती शेठनी शोधलेली नव्हती. ती तुमची होती. तुमची आणि तुमच्यासारख्या सगळ्यांची, वर्षानुवर्षं, हसत हसत. शेठ चष्मा पुसत म्हणाले, "कोण बहिरा निघाला माझ्याकडे? अकाउंटंट. त्याला हॅमरचा त्रास म्हणायचा की माझा?" आणि मी हसले. विनोद चांगला होता.

मुलांचं काम ठरलं.

मेळा छान झाला. सभागृह भरलं. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं की येणारी वर्षं फोर्जिंगची आहेत, बाहेरच्या देशांतलं काम आपल्याकडे येतंय, कारण आपल्याकडे कुशल माणूस स्वस्त मिळतो. लोक भराभर लिहून घेत होते. पुढच्या रांगेत कुणीतरी शेठच्या पाठीवर थाप मारली. मग फिल्म लागली. एक लहान मुलगी आईच्या मांडीवर बसलेली, कानामागे यंत्र. डॉक्टर ते चालू करतात. आई तिचं नाव घेते. मुलगी दचकते, आणि आईच्या तोंडाकडे नाही, तर खोलीभर बघायला लागते, आवाज कुठून आला ते शोधत. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. मलाही रडू आलं, आणि रडतानाच माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ती मुलगी ऐकेल, बोलेल, शाळेत जाईल. हे झालं पाहिजेच होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पिंपरीच्या हॉस्पिटलातला तुमचा वॉर्ड होता. तोंडाला फडकं बांधलेले डॉक्टर तुम्हाला विचारत होते, दुखायचं थांबलं का, आणि तुम्ही हो म्हणत होतात. बरं वाटतंय का. हो. श्वास घेता येतोय का. हो. फडक्यामागचे ओठ दिसत नव्हते, म्हणून तुम्ही प्रत्येक प्रश्नाला पास होत होतात. मी औषधं घेऊन दारात पोचले ते हे ऐकतच, आणि तुमच्यापाशी येईपर्यंत डॉक्टर पुढच्या खाटेवर गेले होते. म्हणाले, पेशंट व्यवस्थित बोलतोय. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तुम्ही त्यांना का सांगितलं नाही, अण्णा? एकदा तरी कुणाला म्हणायचं होतं की मला ऐकू येत नाही. मालकांना नाही, डॉक्टरांना नाही, घड्याळ हातात घेतलंत तेव्हाही नाही. मी हा प्रश्न तुमच्यावर रागावून विचारतेय. आधी कधी रागावले नाही, कारण तुम्हाला बघून कुणाला राग यायचा नाही. तुम्ही लोकांच्या तोंडाकडे इतकं मन लावून बघायचात, की त्यांना वाटायचं आपलं बोलणं फार महत्त्वाचं आहे.

आणि हेही खरं की मला अजून कळलेलं नाही. तुम्ही फसवत होतात, की हात हलला की दाबायचं हेच तुमच्या अंगात होतं? तुम्ही आयुष्यभर तेवढंच केलंत. अंगठा हलला, लिव्हर ओढली. कदाचित तुम्हाला तो आवाज खरंच आल्यासारखा वाटत असेल.

मेळ्याची स्मरणिका निघते. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या माणसाबद्दल तिच्यात एक पान लिहायचं असतं. भाऊ म्हणाले, "एम.ए. मराठी करून फळ्या ठोकतेस, निदान पान तरी बरं लिही." मी लिहिलं. तुम्ही कष्टाळू होतात, मितभाषी होतात, मुलांवर तुमचा जीव होता, म्हणून हे काम मुलांसाठी. त्यात खोटं काही नाही. ते छापून आलंय, तुमच्या फोटोसह. हे जे लिहितेय ते कुठेच जाणार नाही. शेठकडे गेलं तर त्या हॅमरवाल्याचं पोरगं अडकेल. भाऊंकडे गेलं तर ते माझ्यासाठी भांडायला उठतील, आणि तेच होईल. आणि तुमच्याशी तोंड दाखवून बोलायची सोय उरलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. माझ्या शेडमध्ये फळ्या हाताने ठोकत नाहीत. हवेवर चालणाऱ्या खिळ्यांच्या बंदुका आहेत, दिवसभर चालतात. मी त्यांच्यात वीसेक वर्षं उभी आहे. हल्ली डाव्या कानात शिट्टी वाजते. मेळ्यानंतर त्या मुलांच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना आग्रहाने बोलावलं, तुमचेही कान बघून घ्या म्हणाले. मी गेले. तशीच बंद खोली, खुर्ची, समोर काच. हेडफोन घातला, बटण हातात घेतलं. मला माहीत होतं की डोळे मिटायला हवेत. सुरुवातीला मिटले. डाव्या कानात बराच वेळ काहीच येईना. नुसती शिट्टी.

मग मी डोळे उघडले, अण्णा. काचेपलीकडे तिचा हात दिसत होता.

रिपोर्ट नॉर्मल आहे.